औटघटका म्हणजे नेमका किती वेळ?

८४ मिनिटे, म्हणजे १ तास २४ मिनिटे. ‘औटघटकेचे राज्य’, ‘औटघटकेचा राजा’ असे आपण सर्रास म्हणतो. अर्थही साधारण माहीत असतो: थोडा वेळ टिकलेले. पण या शब्दात एक पक्के माप दडले आहे आणि ते समजले की शब्द कुठे शोभतो, कुठे नाही, हेही आपोआप कळायला लागते. अल्पकाळ टिकणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. क्षणिक, क्षणभंगुर, नाशवंत, अल्पजीवी, हंगामी, तात्पुरता हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. खरे तर यातला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारच्या अल्पकाळाबद्दल बोलतो.

आधी ‘औट’. याचा इंग्रजी ‘आउट’शी काहीही संबंध नाही. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, त्याचे प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ आणि त्यातून मराठीत ‘औट’. अर्धचतुर्थ म्हणजे ज्यातला चौथा अर्धाच आहे ते. तीन पूर्ण झाले, चौथा निम्म्यावर आला, झाले साडेतीन. आपला ‘अडीच’ याच रीतीने घडला: अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. ‘दीड’सुद्धा त्याच घरातला, द्व्यर्धमधून आलेला. म्हणून तर आपण ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ म्हणत नाही. तीनपासून पुढे मात्र ‘साडे’ची सरळसोट पद्धत रुळली, ती ‘सार्ध’, म्हणजे अर्ध्यासह, यातून आलेली. दीड आणि अडीच रोजच्या व्यवहारात घट्ट बसलेले असल्यामुळे टिकले. औट बोलण्यातून निघून गेला आणि दोनचार ठिकाणी अडकून राहिला.

त्यातले एक ठिकाण म्हणजे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांत पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस. साडेतीन रुपये शेराने सहा शेरांचे किती, याचे उत्तर औटकी येणाऱ्याच्या जिभेवर असे. हिंदीत या पाढ्याला ‘हूँठा’ म्हणत, गुजरातीत ‘ऊठां’. गुजरातीत तर ‘ऊठां भणाववां’ म्हणजे एखाद्याला बनवणे, फसवणे असा वाक्प्रचारच आहे. तिन्ही भाषांतले हे शब्द त्याच प्राकृत अद्धुट्ठाची लेकरे.

दुसरे ठिकाण संतवाङ्मय. माणूस स्वतःच्या हाताने मोजला तर साधारण साडेतीन हात भरतो, म्हणून देह ‘औट हातांचा’. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात निजलेली कुंडलिनी ‘औट वळणी’ आहे, म्हणजे तिने साडेतीन वेढे घातले आहेत. साडेतीन हा आकडा मराठी मनाला तसाही जवळचा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, पेशवाईतले साडेतीन शहाणे. तीन पूर्ण आणि वर एक अर्धे, ही मोजण्याची तऱ्हा आपल्याला आवडते.

आता घटका. दिवस आणि रात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. एका घटकेची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. एका पळाची ६० विपळे. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. साडेसात घटकांचा एक प्रहर, म्हणजे तीन तास. मोजणी मध्यरात्रीपासून नाही, सूर्योदयापासून. जुन्या पंचांगांत तिथी किंवा नक्षत्र कधी संपते ते याच हिशेबाने, घटी-पळांत छापलेले असते. तेव्हा औटघटका म्हणजे २४ गुणिले साडेतीन, ८४ मिनिटे. अर्धा प्रहरसुद्धा नाही.

घटका मोजायची ती घटिकापात्राने. तांब्याची वाटी, तिच्या तळाला बारीक भोक, आणि ती वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत ठेवलेली. भोकातून पाणी आत चढते आणि वाटी भरली की बुडते. बुडाली की एक घटका झाली. सूर्यसिद्धान्तात या यंत्राला ‘कपालक’ म्हटले आहे आणि ते अहोरात्रात ६० वेळा बुडते असे सांगितले आहे. भोक केवढे हवे, हे सांगण्याची जुनी पद्धत मला फार आवडते. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात चार मासे (मासा हे सोने तोलायचे जुने वजन) सोन्याची, चार अंगुळे लांब सुई करून तिने भोक पाडावे असे आहे. सोन्याचे वजन आणि सुईची लांबी ठरली की सुईची जाडी आपसूक ठरते. मिलिमीटरची पट्टी हातात नसताना भोकाचा व्यास बिनचूक सांगण्याचा यापेक्षा चांगला मार्ग नव्हता.

सूर्यसिद्धान्तात पाणी ‘अमल’ असावे असेही म्हटले आहे, आणि ते उगाच नाही. पाण्यातला गाळ भोकात बसला की वाटी भरायला वेळ लागतो आणि घटका लांबते. तो काढायला काडी किंवा तार घातली की भोक रुंदावते, मग घटका कायमची आखूड होते. थंडीत पाणी दाट होते, जरा हळू वाहते, त्यामुळे पहाटेची घटका दुपारच्या घटकेपेक्षा किंचित मोठी भरते. वाटीला पोचा पडला, ती कलती तरंगू लागली, तरी माप बिघडते. शिवाय बुडालेली वाटी काढायची, रिकामी करायची आणि पुन्हा सोडायची, यात दर वेळी पाच सेकंद गेले तरी दिवसाकाठी पाच मिनिटांची चूक साचते.

‘घटका भरली’ हा वाक्प्रचार या वाटीतूनच आला. एखाद्याचा शेवट जवळ आला की त्याची घटका भरली म्हणतात, कारण भरलेली वाटी पुढच्याच क्षणी तळाला जाते. ‘घटकाभर टेक’, ‘घटकेत हसते, घटकेत रडते’ यांतली घटका मात्र सैल आहे, तिथे कुणी २४ मिनिटे मोजत नाही. आणि औटघटकेचे राज्य? शब्दाच्या घडणीप्रमाणे पाहिले तर तीन वाट्या बुडाल्या, चौथी निम्मी भरली आणि राज्य संपले. चौथी घटकासुद्धा पुरी होऊ दिली नाही. निव्वळ ‘थोडा वेळ’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जास्त बोलते.

म्हणूनच हा शब्द वाटेल तिथे लावू नये असे मला ठामपणे वाटते. औटघटकेचे असते ते राज्य, सत्ता, मोठेपण, मान, चैन. म्हणजे भोगायची गोष्ट असावी लागते, आणि ती भोगणारा कुणीतरी असावा लागतो. सत्ता हातात आली, मिरवली, आणि नीट बसायच्या आत गेली, असा तो प्रकार. शब्दात थोडा टोचा आहे. ‘औटघटकेची सर’ किंवा ‘औटघटकेची भेट’ म्हटले की कानाला खटकते, कारण पाऊस काही सिंहासनावर बसलेला नसतो. ‘औटघटकेचे सौंदर्य’ चालते, कारण सौंदर्याचा तोरा असतो.

इतिहासातले चपखल उदाहरण राघोबादादांच्या पेशवाईचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पेशवेपद रघुनाथरावांकडे गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवराव जन्मले आणि ४० दिवसांच्या त्या बाळाला २८ मे रोजी पेशवाईची वस्त्रे मिळाली. बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, दादांची पेशवाई वर्षाच्या आत संपवली. १७९६ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी गादीवर बसवलेले चिमाजीअप्पा, दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, हे आणखी एक. काही महिन्यांत बाजीराव परत आले. अलीकडचे, सगळ्यांच्या आठवणीतले उदाहरण म्हणजे २३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी शपथ घेतलेले आणि २६ नोव्हेंबरला राजीनामा दिलेले महाराष्ट्राचे सरकार. ते सुमारे ८० तासांचे होते. घटकांत मोजले तर सुमारे २००. म्हणजे औटघटकेच्या जवळजवळ ५७ पट. तरीही त्याला औटघटकेचे म्हणणे बरोबरच, कारण वाक्प्रचारात माप अक्षरशः धरायचे नसते. पण माप माहीत असले की आपण किती ताणतो आहोत याची जाणीव राहते. पाच वर्षांतली साडेतीन वर्षे टिकलेल्या सरकारला कुणी औटघटकेचे म्हटले, तर तो शब्दावर अन्याय आहे.

इथेच ‘हंगामी’शी घोटाळा होतो. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. पी. के. सावंत यांनी २५ नोव्हेंबरपासून जेमतेम दहा दिवस कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. सावंत हे हंगामी मुख्यमंत्री. त्यांना औटघटकेचे मुख्यमंत्री म्हणणे चूक आणि अनुदारही. त्यांची मुदत तुटली नाही, ती होतीच तेवढी. गुलझारीलाल नंदा १९६४ आणि १९६६ मध्ये दोनदा हंगामी पंतप्रधान झाले, दोन्ही वेळा १३ दिवस. त्या दोहोंच्या मधली लालबहादूर शास्त्रींची कारकीर्द १९ महिन्यांची. ती ‘अल्पकालीन’. पदावर असताना ज्याला मृत्यूने नेले, त्याच्या बाबतीत औटघटकेचा शब्द तोंडातही आणू नये.

हंगामीचे आणखी दोन शेजारी आहेत. ‘प्रभारी’ म्हणजे दुसऱ्याच्या पदाचा भार ज्याच्याकडे सोपवला आहे तो. त्याचे स्वतःचे पद शाबूत असते. ‘काळजीवाहू’ म्हणजे राजीनामा दिल्यावर किंवा मुदत संपल्यावर नवे सरकार येईपर्यंत रोजचे काम पाहणारे. हंगामी कामगार, हंगामी फळे यांतला हंगामी मात्र ऋतूशी बांधलेला आहे, तो दर वर्षी परत येतो. एकाच बातमीत ‘हंगामी अध्यक्ष’ आणि ‘हंगामी मजूर’ आले तर वाचक गोंधळतो. तिथे मजुरांसाठी ‘मोसमी’ किंवा सरळ ‘सुगीपुरते’ लिहावे.

हिंदीत याच अर्थाने ‘ढाई दिन की बादशाहत’ म्हणतात. ती म्हण १५३९ च्या चौसाच्या लढाईशी जोडली जाते. शेरखानाकडून हरलेल्या हुमायूनला नदीतून पखालीच्या आधाराने वाचवणाऱ्या निजाम भिश्त्याला बादशहाने थोडा काळ तख्तावर बसवले. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम तो काळ दोन दिवसांचा सांगते. हिंदीने अडीच दिवस दिले, मराठीने साडेतीन घटका. मराठीचा हात जास्त आखडता आहे.

‘क्षणभंगुर’कडे वळू. क्षणालाही एके काळी माप होते. अमरकोशाप्रमाणे १८ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांचा क्षण आणि १२ क्षणांचा मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा, तेव्हा क्षण झाला चार मिनिटांचा! आज आपण क्षण म्हणतो तो डोळ्याचे पाते लवेपर्यंतचा, तेव्हा या जुन्या क्षणावर वाक्य तोलू नये. शब्दातला महत्त्वाचा भाग आहे ‘भंगुर’. भंग पावण्याचा, तुटण्याचा ज्याचा स्वभाव आहे ते भंगुर. बुडबुडा, फेस, काच, देह. तुटायला काहीतरी आकार हवा. म्हणून जीवन क्षणभंगुर, ऐश्वर्य क्षणभंगुर. राग मात्र ‘क्षणिक’, मोह क्षणिक, भास क्षणिक. ते तुटत नाहीत, ओसरतात. बौद्ध दर्शनात सगळे पदार्थ क्षणोक्षणी नष्ट होतात हा सिद्धान्त ‘क्षणभंग’ म्हणून मांडला गेला आणि तिथेही भर आहे तो भंगावर. ‘कंत्राटी नोकरी क्षणभंगुर असते’ हे वाक्य म्हणून विचित्र वाटते. ती बेभरवशाची असते, मुदतीची असते.

‘नाशवंत’मध्ये तर काळ कमी असण्याची अटच नाही. बाजार समितीत भाजीपाला, दूध, मासळी हा नाशवंत माल, आणि कीर्तनात ८० वर्षे जगलेला देहही नाशवंत. दोन्हीकडे सांगायचे एवढेच की याचा नाश होणार, हा गुण त्याच्या अंगातच आहे. हा माल दोन दिवस टिकतो की दोन आठवडे, हे या शब्दातून कळत नाही, ते वेगळे लिहावे लागते. वाहतुकीच्या कागदावर नुसते ‘नाशवंत’ लिहून भागत नाही ते याचमुळे.

सजीवांसाठी दोन शब्द आहेत आणि त्यांतला भेद पाळावा. ‘अल्पायुषी’ माणसासाठी: ज्याला जास्त आयुष्य मिळायला हवे होते, पण मिळाले नाही. थोरले माधवराव २७ व्या वर्षी गेले, ते अल्पायुषी. त्यात हळहळ आहे. ‘अल्पजीवी’मध्ये हळहळ नाही. दोन अंकांनंतर बंद पडलेले मासिक, सहा महिन्यांत विरलेली आघाडी, प्रौढ झाल्यावर दिवसभरात मरणारा किडा, हे अल्पजीवी. आणि कास पठारावर पावसात उगवून, फुलून, बी टाकून त्याच हंगामात संपणाऱ्या गेंदासारख्या वनस्पतींना अल्पजीवी म्हणण्यापेक्षा ‘वर्षायू’ म्हणावे. वनस्पतिशास्त्रातला तोच नेमका शब्द आहे, आणि त्यांचे आयुष्य कमी पडलेले नसते, पुरे झालेले असते.

आकडे घालून बोलण्याची हौस मराठीला औटघटकेवर थांबवता आलेली नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे ज्याचा उत्साह किंवा दिखावा लवकर उतरतो त्याच्यासाठी. भाद्रपदात फुलणारा तेरडा कोकणात गौर म्हणून पुजतात आणि गौरीही आवाहन, पूजन, विसर्जन अशा तीनच दिवसांच्या. ‘नव्याचे नऊ दिवस’ हे कौतुकाबद्दल आहे. वस्तू तशीच राहते, बघणाऱ्याचा नवेपणा संपतो. सुनेचा नवेपणा नऊ दिवसांचा असला तरी सून कुठे जात नाही. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ हे पाळीबद्दल आहे, अल्पकाळाबद्दल नाही. ते ‘सत्ता कायम नसते’ या अर्थाने वापरताना पुढे कुणाची पाळी येणार हेही वाक्यात असायला हवे. ‘अळवावरचे पाणी’ हे अस्थिरतेचे. अळवाच्या पानावर मेणाचा थर आणि बारीक उंचवटे असतात, त्यामुळे थेंब पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो. थेंब नष्ट होत नाही, ठरत नाही. चंचल मनाला, हाती न थांबणाऱ्या पैशाला हे लागू पडते.

‘तात्पुरता’ सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगी. तत् अधिक पुरता, त्या कामापुरता. काळ किती हा प्रश्न नाही, काम संपले की गरज संपली. तात्पुरता पूल दहा वर्षे उभा राहिला तरी तात्पुरताच.

फोनवरच्या सोयींची नावे मराठीत आणताना हे भेद लगेच कामी येतात. २४ तासांनी, सात दिवसांनी किंवा ९० दिवसांनी आपोआप पुसला जाणारा संदेश क्षणभंगुर नाही, कारण तो तुटत नाही. क्षणिक नाही, कारण ९० दिवस हा क्षण नव्हे. नाशवंतही नाही, तो कुजत नाही. त्याची वेळ आधीच ठरवलेली असते, आणि आधी ठरलेल्या वेळेला मराठीत ‘मुदत’ हा चोख शब्द आहे. मुदत ठेव, मुदतवाढ, मुदतबाह्य औषध हे शब्द बँकेत आणि औषधाच्या दुकानात सगळे वापरतात, तेव्हा ‘मुदती संदेश’ कुणालाही कळेल. २४ तासांनी जाणाऱ्या स्टेटसला फार तर ‘दिवसभराचे’ म्हणावे.

शेवटी लिहिण्याबद्दल. ‘औट घटकेचे’ असे तोडून आणि ‘औटघटकेचे’ असे जोडून, दोन्ही छापलेले दिसते. मी जोडून लिहिण्याच्या बाजूची आहे आणि त्याला व्याकरणाचा आधार आहे. तोडून लिहिले तर साडेतीन घटका हे अनेकवचन होते आणि ‘औट घटकांचे’ असे रूप यायला हवे. आपण म्हणतो ‘घटकेचे’, एकवचनात, कारण औटघटका हा द्विगू समास आहे. पहिले पद संख्या, आणि सगळा समास एकवचनी. ‘औटघटकाचे’ ही सर्रास दिसणारी चूक ‘घटक’ या शब्दामुळे होते. घटक, घटकाचे हे पुल्लिंगी, भाग या अर्थाचे. घटका, घटकेचे हे स्त्रीलिंगी, वेळ या अर्थाचे. ‘आउटघटकेचे’ तर कुठेही दिसले की लगेच दुरुस्त करावे. फोनवर टंकताना आपोआप शब्द सुचवणारी सोय ‘औट’ला बदलून ‘आउट’ करू शकते, म्हणून मजकूर पाठवण्यापूर्वी एवढा शब्द तरी पुन्हा वाचावा.